रिडेम्प्शन कॅशबॅक नाकारला: एकदा ‘उशीर झाला’ म्हणून, एकदा ‘नंबर जुळत नाही’ म्हणून (यूके)

टेम्सकाठी

नमस्कार. इंग्लंडमधल्या मोबाइल कराराबद्दल विचारायचं आहे. करार २४ महिन्यांचा, रिसेलरच्या वेबसाइटवरून घेतलेला. सुरुवातीला हँडसेटचे १४९ पौंड क्रेडिट कार्डने रिसेलरला दिले. दर महिन्याचं बिल डायरेक्ट डेबिटने नेटवर्ककडे जातं. रिसेलरकडून २४० पौंड कॅशबॅक, ४८ पौंडांच्या पाच हप्त्यांत, प्रत्येक हप्त्यासाठी बिल अपलोड करून क्लेम करायचा, असा ‘रिडेम्प्शन कॅशबॅक’चा सौदा आहे.

कनेक्शन २ मार्चला सुरू झालं. पहिलं बिल ४ एप्रिलचं आलं. ऑर्डरच्या ईमेलमध्ये लिहिलंय, ‘सहावं, दहावं, चौदावं, अठरावं आणि बाविसावं बिल, बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत पाठवा’. त्याप्रमाणे मोजून सहावं बिल, म्हणजे ४ सप्टेंबरचं, ९ सप्टेंबरला अपलोड केलं. उत्तर आलं की उशीर झाला, ४ ऑगस्टचं बिल हवं होतं. पोर्टलवर ‘महिना ६’ असा कॉलम आहे, ईमेलमध्ये मात्र तो शब्द कुठेच नाही.

दुसऱ्या वेळी त्यांच्याच पद्धतीने मोजून ४ डिसेंबरचं बिल ९ डिसेंबरला पाठवलं. या वेळी ‘ऑर्डरवरचा मोबाइल नंबर आणि बिलावरचा नंबर जुळत नाही’ म्हणून नाकारलं. जुना नंबर मार्चमध्येच पोर्ट करून (म्हणजे जुन्या नेटवर्कवरून इकडे वळवून) आणला होता, त्यामुळे ऑर्डरवर सिमसोबत आलेला तात्पुरता नंबर आहे आणि बिलावर नेहमीचा.

दोन हप्ते मिळून ९६ पौंड अडकलेत, तीन हप्ते बाकी आहेत. नेटवर्क म्हणतं रिसेलरशी बोला, रिसेलर म्हणतो निर्णय अंतिम आहे. पुढे नेमकं काय करावं? आणि पैसे मिळेपर्यंत डायरेक्ट डेबिट थांबवलं तर चालेल का?

रेडिंगकर

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण त्यातच सगळ्यात जास्त नुकसान होऊ शकतं: डायरेक्ट डेबिट थांबवू नका. तुमचे करार दोन आहेत. एक नेटवर्कशी, सेवेचा. दुसरा रिसेलरशी, कॅशबॅकचा. रिसेलरने शब्द मोडला तरी नेटवर्कचं बिल देणं लागतंच. बिल थकलं तर क्रेडिट फाइलवर डिफॉल्टची नोंद होते आणि ती सहा वर्षं राहते. शिवाय लाइन बंद पडली की रिसेलरला उरलेले तिन्ही हप्ते नाकारायला पक्कं कारण मिळतं, कारण ‘करार चालू आणि बिलं भरलेली’ ही अट जवळजवळ प्रत्येक रिडेम्प्शन कॅशबॅकमध्ये असते.

आता पहिला नकार. यातला घोळ फार जणांना सापडत नाही. कनेक्शन २ तारखेचं, बिलाची तारीख ४. दोनच दिवसांत नेटवर्कने बिल काढलं नाही, पहिलं बिल थेट ४ एप्रिलला निघालं. त्यामुळे बिलांची संख्या आणि कराराचे महिने यांत कायमचा एकाचा फरक पडला. कराराचा सहावा महिना २ ऑगस्ट ते १ सप्टेंबर, त्यात येणारं बिल ४ ऑगस्टचं. ते मोजायला गेलं तर पाचवं. सहावं बिल ४ सप्टेंबरचंच. पोर्टल महिन्याने मोजतं, ईमेल बिलाने मोजतो. पोर्टलच्या हिशेबाने मुदत ३ सप्टेंबरला संपली, ईमेलच्या हिशेबाने ती दुसऱ्या दिवशी सुरू झाली. दोन्ही मुदती एकमेकींना शिवतसुद्धा नाहीत! ईमेल पाळणारा ग्राहक इथे नापास होणारच. पत्रात हा मुद्दा तारखांच्या छोट्या तक्त्यासकट मांडा. बिल क्रमांक, बिलाची तारीख, कराराचा महिना, असे तीन रकाने पुरतात. नुसतं ‘तुमच्या अटी गोंधळात टाकणाऱ्या आहेत’ लिहिलं तर तेच साचेबंद उत्तर परत येईल.

दुसरा नकार त्याहून कच्चा आहे. नंबर पोर्ट झाला की मोबाइल नंबर बदलतो, नेटवर्कचा अकाउंट नंबर तोच राहतो. पहिलं बिल काढून बघा. पोर्ट पहिल्या महिन्यात झाला असेल तर बऱ्याचदा त्या बिलावर तात्पुरता आणि नेहमीचा असे दोन्ही नंबर दिसतात. दिसत नसतील तर नेटवर्कच्या चॅटवर दोनच ओळी मागा: अमुक अकाउंटवर अमुक तारखेला तात्पुरता नंबर बदलून हा नंबर आला. चॅटची प्रत ईमेलवर घ्या. मग पहिलं बिल, डिसेंबरचं बिल आणि ही चॅटची प्रत असं सगळं एकाच पीडीएफमध्ये जोडून परत पाठवा, अकाउंट नंबरभोवती चौकट करा. क्लेम तपासणारा माणूस यादीतली खूण जुळते का एवढंच बघतो, त्याला शोधायला लावू नका. नंबर बदलल्याचं रिसेलरला कळवून ठेवायचं असतं आणि बऱ्याच पोर्टलवर त्यासाठी वेगळी जागा असते, तीही आत्ताच भरून टाका.

उरलेल्या हप्त्यांसाठी वाद मिटेपर्यंत दोन्ही अर्थांनी क्लेम करा. चौदाव्या महिन्याचं बिल ४ एप्रिलचं, चौदावं बिल ४ मेचं. दोन्ही आपापल्या ३० दिवसांत पाठवा. पोर्टल एकच फाइल घेत असेल तर दुसरी ईमेलने आणि पोस्टानेही. पोस्टाने पाठवताना काउंटरवरून पोस्टिंगचा पुरावा मागून घ्या, तो फुकट मिळतो. लाल पत्रपेटीत टाकलं तर हातात काहीच राहत नाही.

फाइलबद्दल थोडं. नेटवर्कच्या साइटवरून उतरवलेलं पूर्ण पीडीएफ पाठवा, सगळ्या पानांसकट. ॲपचा स्क्रीनशॉट, फक्त पहिलं पान, किंवा बिलाऐवजी पैसे भरल्याची पावती या तीन गोष्टींवरून सर्रास नकार येतो. बिलावरचं नाव आणि ऑर्डरवरचं नाव अक्षर न् अक्षर तेच आहे ना, हेही बघा. आपल्याकडे हा प्रश्न फार येतो: एकीकडे वडिलांचं नाव मध्ये, दुसरीकडे नाही, किंवा आडनाव आधी आणि नाव नंतर. फरक असेल तर नेटवर्कच्या खात्यावरचं नाव दुरुस्त करून घ्या, रिसेलरच्या पोर्टलवर बदल करणं सहसा अवघड जातं. आणि सगळी बिलं आत्ताच उतरवून ठेवा. नेटवर्क बदललं की ऑनलाइन खातं बंद होतं, आणि बाविसाव्या बिलाचा वाद करार संपल्यावरही चालू राहू शकतो.

अटी_आणि_शर्ती

रेडिंगकरांनी तारखांचं बरोबर सांगितलंय. कायद्याची बाजू मी जोडतो.

तुमचा मुख्य आधार कन्झ्युमर राइट्स ॲक्ट, २०१५. त्याचं कलम ६९ तुमच्या पहिल्या नकारासाठीच लिहिल्यासारखं आहे: ग्राहक करारातल्या अटीचे दोन अर्थ निघत असतील तर ग्राहकाला जास्त अनुकूल असलेला अर्थ धरायचा. ईमेलमध्ये ‘सहावं बिल’ आणि पोर्टलवर ‘महिना ६’, म्हणजे दोन अर्थ कागदावरच आहेत. कलम ६८ म्हणतं की लेखी अट साध्या, समजेल अशा भाषेत आणि वाचता येईल अशी असली पाहिजे. कलम ६२ अन्यायकारक अटींचं: सचोटी सोडून ग्राहकाच्या तोट्यात दोन्ही बाजूंच्या हक्कांचा तोल मोठा ढळवणारी अट ग्राहकावर बंधनकारक नाही. नंबरच्या नकाराला हे लावता येतं. बिल मागण्यामागचा हेतू काय, तर लाइन चालू आहे आणि पैसे भरले जातायत हे कळावं. अकाउंट तोच, करार तोच, पैसे भरलेले. तरीही नंबर बदलला एवढ्यावर ४८ पौंड कायमचे बुडवणं त्या हेतूशी कुठेच बसत नाही.

इथे एक खाचखळगा आहे तो आधीच ओळखून ठेवा. रिसेलर कलम ६४ पुढे करेल. कराराचा मुख्य विषय आणि किंमत सांगणाऱ्या अटी न्याय्य आहेत की नाहीत हे तपासता येत नाही, असं ते कलम म्हणतं. पण ही सूट पारदर्शक आणि ठळक अटींनाच आहे. क्लेमची मुदत, नंबर जुळण्याची अट, ‘निर्णय अंतिम’ हे वाक्य, यातलं ऑर्डर करताना पानावर ठळक काय होतं? फक्त ‘२४० पौंड कॅशबॅक’ ठळक आणि बाकी सगळं लिंकआड असेल, तर ६४ त्यांच्या कामाचं नाही. त्या पानाची जुनी प्रत इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर सापडते का बघा, तुमच्या ऑर्डरच्या तारखेच्या जवळची घ्या. रिसेलर अटी मध्येच बदलतात, आणि आज साइटवर दिसणाऱ्या अटी तुमच्या असतीलच असं नाही.

अंतरावरून (ऑनलाइन किंवा फोनवरून) झालेल्या विक्रीत कराराची माहिती टिकाऊ माध्यमातून, म्हणजे ईमेल, पीडीएफ किंवा कागदावर द्यावी लागते. हे २०१३ च्या कन्झ्युमर कॉन्ट्रॅक्ट्स नियमांतलं आहे. ईमेलमध्ये ‘सहावं बिल’ आहे आणि पोर्टलचा तक्ता तुम्हाला नंतर दिसला, तर टिकाऊ माध्यमातली अट ईमेलचीच.

काही जण अजून ऑफकॉमच्या (दूरसंचार नियामकाच्या) जुन्या नियमाचा हवाला देतात. सप्टेंबर २००९ मध्ये ऑफकॉमने मोबाइलच्या चुकीच्या विक्रीवर नियम आणला होता आणि कॅशबॅकच्या अटी अवाजवी जाचक नसाव्यात असं त्यात होतं, हे खरं. त्याआधी कॅशबॅकवाल्या रिसेलरांविरुद्ध तक्रारींचा पूर आला होता. पण नियमावली तेव्हापासून बरीच बदलली आहे. तो जुना कलम-क्रमांक पत्रात टाकला तर समोरचा तेवढाच खोडून काढेल आणि बाकीचं वाचणार नाही. २०१५ चा कायदा पुरेसा आहे.

आता पत्राकडे. आधी त्यांच्या तक्रार विभागाला एक ईमेल, विषयात ऑर्डर नंबर आणि ‘औपचारिक तक्रार’ हे शब्द. चॅटवरच्या माणसाशी वाद घालत बसू नका, त्याला नकार फिरवण्याचा अधिकार नसतो. उत्तर समाधानकारक आलं नाही तर दाव्याआधीचं पत्र, इथे ज्याला लेटर बिफोर क्लेम म्हणतात ते. दीड पानाच्या वर नको. पहिल्या परिच्छेदात कोण, कोणत्या तारखेचा करार, ऑर्डर नंबर. दुसऱ्यात कॅशबॅकची अट ईमेलमधून जशीच्या तशी, अवतरणात. तिसऱ्यात कोणत्या तारखेला काय पाठवलं, काय उत्तर आलं. चौथ्यात ६९, ६८ आणि ६२, प्रत्येकी एक-दोन वाक्यं. पाचव्यात रक्कम ९६ पौंड आणि पैसे कोणत्या खात्यात हवेत. सहाव्यात १४ दिवसांची मुदत, आणि त्यानंतर कोर्टात दावा करणार हे स्पष्टपणे. साध्या प्रकरणात १४ दिवस वाजवी धरले जातात. चीड, मनस्ताप, वेळ गेला, हे काही लिहू नका. त्याचे पैसे मिळत नाहीत, आणि पुढे न्यायाधीशाच्या हातात हेच पत्र जाणार असतं.

त्याच दिवशी दुसरं एक पत्र वेगळं पाठवा: सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट. यूके जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्याच्या कलम १५ खाली तुमच्याबद्दलची माहिती फुकट मागता येते आणि ती एका महिन्यात द्यावी लागते. त्यात नेमकं मागा: पोर्टलवरच्या तुमच्या प्रत्येक अपलोडची तारीख, वेळ आणि फाइलचं नाव, क्लेमवर कर्मचाऱ्यांनी केलेल्या नोंदी, ईमेल, चॅट आणि कॉलचं रेकॉर्डिंग. ‘माझी सगळी माहिती द्या’ एवढंच मागितलं तर नाव-पत्ता छापून पाठवतात. आतल्या नोंदींत बऱ्याचदा नकाराचं खरं कारण दिसतं, आणि ते तुम्हाला कळवलेल्या कारणाहून वेगळं असेल तर अर्धं काम झालं.

लेस्टरवाली

याला जोडूनच विचारते. कॅशबॅक रिसेलरकडून नसून कॅशबॅक साइटवरून असेल आणि तो ‘डिक्लाइन’ झाला असेल तरी हेच लागू होतं का?

अटी_आणि_शर्ती

@लेस्टरवाली, नाही, तो वेगळा प्रकार आहे. टॉपकॅशबॅक किंवा क्विडकोसारख्या साइटला दुकान कमिशन देतं आणि साइट त्यातून तुम्हाला देते. दुकानाने कमिशन नाकारलं तर साइटच्या अटींनुसार तुमचाही हक्क सहसा संपतो, त्यामुळे लढायला जागा फार थोडी. तिथली कारणंही निराळी असतात: मध्येच दुसऱ्या साइटवरचा डिस्काउंट कोड लावला, ब्राउझरने कुकी अडवली, क्लिक एका फोनवर आणि खरेदी दुसऱ्यावर, किंवा नवीन ग्राहकाची ऑफर असताना अपग्रेड घेतलं. ‘मिसिंग क्लेम’साठी ऑर्डरचा ईमेल, क्लिकची वेळ आणि ऑर्डरची वेळ द्या, आणि साइटची क्लेमची मुदत आधी वाचा. हँडसेट बनवणाऱ्या कंपनीचा कॅशबॅक हा आणखी तिसरा प्रकार. तो आयएमईआयवर, म्हणजे प्रत्येक हँडसेटच्या स्वतःच्या ओळख क्रमांकावर, चालतो. फोन बदलून मिळाला असेल तर नवा आयएमईआय पावतीवर नसतो आणि तिथेच क्लेम अडकतो. दुकानाकडून बदललेल्या हँडसेटची दुरुस्त पावती घेतली की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो.

टेम्सकाठी

दोघांचेही आभार. ईमेलमधला मजकूर पुन्हा तपासला, ‘सहावं बिल’ असंच आहे. आणखी तीन शंका. ऑम्बुड्समनकडे (तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे) जाता येईल का? क्रेडिट कार्ड कंपनीकडे काही होईल का? आणि कंपनीज हाऊसवर (कंपन्यांच्या सरकारी नोंदवहीत) शोधलं तर वेबसाइटच्या नावाची कंपनीच सापडत नाही.

रेडिंगकर

ऑम्बुड्समनबद्दल फार आशा धरू नका. फोन कंपन्यांच्या तक्रारींसाठी कम्युनिकेशन्स ऑम्बुड्समन आणि सिसास या दोन योजना आहेत, पण त्या सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांसाठी. नेटवर्क सभासद असतं, नुसता रिसेलर बहुधा नसतो. नेटवर्कविरुद्ध तक्रार केली तर ‘कॅशबॅकचं वचन आमचं नाही’ हेच उत्तर टिकतं. अपवाद एकच: कॅशबॅक नेटवर्कने स्वतः दिलेला असेल, किंवा बिलावरच वजा होणार असेल. तसं असेल तर ऑम्बुड्समन हाच सगळ्यात सोपा आणि फुकट रस्ता. ऑफकॉम, सीएमए (स्पर्धा आणि बाजारांचा नियामक) आणि ट्रेडिंग स्टँडर्ड्स (स्थानिक परिषदांचा ग्राहक-संरक्षण विभाग) यांतलं कुणीही एकट्या ग्राहकाचे पैसे वसूल करून देत नाही. तरीही सिटिझन्स ॲडव्हाइस या फुकट सल्ला देणाऱ्या संस्थेच्या ०८०८ २२३ ११३३ या नंबरवर नोंद कराच. तिथून माहिती ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे जाते, आणि एकाच रिसेलरविरुद्ध ढीगभर नोंदी साचल्या की कारवाईला आधार मिळतो.

कार्डाचं: कन्झ्युमर क्रेडिट ॲक्ट, १९७४ चं कलम ७५. वस्तूची रोख किंमत १०० पौंडांपेक्षा जास्त आणि ३०,००० पर्यंत असेल, आणि पैसे क्रेडिट कार्डने थेट विकणाऱ्याला दिले असतील, तर करारभंगाला कार्ड कंपनीही विक्रेत्याइतकीच जबाबदार. तुमचे १४९ पौंड रिसेलरला गेलेत, म्हणून प्रयत्न जरूर करा. कॅशबॅक हा त्याच खरेदीच्या करारातला भाग होता, हे ऑर्डरच्या ईमेलवरून दाखवा. हँडसेट आणि कॅशबॅक एकाच ऑर्डर नंबरखाली असतील तर मुद्दा भक्कम होतो. बँक म्हणेल की कॅशबॅक हा स्वतंत्र सौदा आहे. मग ‘अंतिम उत्तर’ लेखी मागा आणि सहा महिन्यांच्या आत फायनान्शिअल ऑम्बुड्समनकडे जा, तिथे ग्राहकाला फी नाही. डेबिट कार्डने पैसे दिले असतील तर कलम ७५ लागत नाही. ज्यांनी सुरुवातीला काहीच भरलं नाही आणि फक्त डायरेक्ट डेबिट आहे, त्यांच्यासाठीही ही वाट बंद.

कंपनीचं नाव: वेबसाइटचं नाव हा फक्त ब्रँड असतो. वेबसाइटवर कंपनीचं नोंदणीकृत नाव, नंबर आणि पत्ता देणं कायद्याने बंधनकारक आहे. पानाच्या अगदी तळाशी, ‘अटी’ किंवा ‘प्रायव्हसी’ या पानांवर, किंवा ईमेलच्या शेवटच्या बारीक अक्षरांत बघा. आठ अंकी कंपनी नंबर मिळाला की कंपनीज हाऊसवर नावाने न शोधता त्या नंबरनेच शोधा. दावा त्या लिमिटेड कंपनीवर, तिच्या नोंदणीकृत पत्त्यावर करायचा आणि पुढे ‘अमुक या नावाने व्यवसाय करणारी’ असं जोडायचं. ब्रँडच्या नावावर निकाल मिळवला तर वसुलीच्या वेळी तो कुणालाच लागू होत नाही. एका कंपनीचे पाच-सहा ब्रँड असतात आणि ऑर्डर नेमकी कुणाकडे होती हे ईमेलच सांगतो, म्हणून साइटपेक्षा ईमेलवर भरवसा ठेवा.

मिल्टनकर

कोर्टाचा भाग मी लिहितो, हा इंग्लंड आणि वेल्सपुरता.

१० हजार पौंडांपर्यंतचा दावा स्मॉल क्लेम्समध्ये जातो आणि सरकारी साइटवरून ऑनलाइन करता येतो. ३०० पौंडांपर्यंत फी ३५ पौंड. प्रत्यक्ष सुनावणी लागलीच तर आणखी २७. जिंकलात तर दोन्ही समोरच्याकडून परत. हरलात तरी समोरच्याच्या वकिलाची फी सहसा अंगावर येत नाही, हेच स्मॉल क्लेम्सचं मोठं वैशिष्ट्य. उत्पन्न कमी असेल तर फीमध्ये सवलतीचा अर्ज आधी करा, भरल्यानंतर धावपळ होते.

दाव्यात व्याज मागायला विसरू नका. काउंटी कोर्ट्स ॲक्ट, १९८४ च्या कलम ६९ खाली वर्षाला ८ टक्के. ९६ पौंडांवर ते वर्षाला ७ पौंड ६८ पेन्स, दिवसाला साधारण २.१ पेन्स. रक्कम किरकोळ आहे, पण मागितलं नाही तर मिळत नाही. आणि हे कलम ६९ वर सांगितलेल्या २०१५ च्या कायद्यातल्या ६९ शी मिसळू नका, दोन्हींपुढे कायद्याचं नाव लिहा.

आता दावा करायचा की सगळे हप्ते येईपर्यंत थांबायचं? मुदत सहा वर्षांची आहे, त्यामुळे घाई कायद्याची नाही. थांबलात तर एकाच फीमध्ये पाचही हप्ते बसतील, २४० पौंडसुद्धा ३०० च्या आतच. पण रिसेलरची प्रकृती बघा. कंपनीज हाऊसवर हिशेब वेळेवर दाखल होतायत का, संचालक भराभर सोडून जातायत का, मालमत्तेवर नवे गहाण चढलेत का. यातलं काही दिसलं तर थांबू नका, ९६ चा दावा आत्ताच करा. जे हप्ते अजून देय झालेले नाहीत ते या दाव्यात घालू नका.

दावा निघाल्यापासून पाचव्या दिवशी तो पोचला असं धरतात. मग उत्तराला १४ दिवस, आणि ‘दावा मिळाला’ अशी पोच दिली तर एकूण २८. या टप्प्यावर पुष्कळ रिसेलर पैसे देऊन मोकळे होतात, कारण ४८ पौंडांसाठी माणूस बसवून उत्तर लिहिणं त्यांना परवडत नाही. उत्तर आलंच नाही तर मुदत संपल्याबरोबर डिफॉल्ट जजमेंटचा, म्हणजे उत्तराअभावी तुमच्या बाजूने निकालाचा, अर्ज करा, तो आपोआप होत नाही. त्यांनी उशिरा का होईना उत्तर दाखल केलं की ती संधी जाते.

त्यांनी बचाव दाखल केला तर एन१८० हा सुनावणीआधीच्या प्रश्नावलीचा फॉर्म येतो. त्यात तुमच्या सोयीचं कोर्ट लिहा. समोर कंपनी असेल तर साधारणपणे तुमची पसंती धरतात. मे २०२४ पासून अशा दाव्यांत फोनवरची मध्यस्थी सक्तीची झाली आहे: एक तास, फुकट, मध्यस्थ दोघांशी वेगवेगळा बोलतो. त्या फोनआधी एक आकडा मनाशी पक्का करा. ‘९६ आणि फी ३५, व्याज सोडतो’ ही चांगली जागा आहे. ‘अर्धे घ्या’ म्हणतील, पण तुमच्या पहिल्या नकारातले कागद पाहता अर्ध्यावर यायचं कारण नाही. उरलेल्या तीन हप्त्यांचं काय करायचं तेही तिथेच लिहून घ्या: मोजणी बिलाने की महिन्याने, आणि नवा नंबर मान्य. नाहीतर एप्रिलमध्ये परत हेच. मध्यस्थीला गैरहजर राहू नका, कोर्ट दंड लावू शकतं.

सुनावणी झालीच तर कामावरच्या रजेचे दिवसाला जास्तीत जास्त ९५ पौंड आणि प्रवासखर्च मागता येतो. न्यायाधीशापुढे पाच कागद वरती असू द्या: ऑर्डरचा ईमेल, तारखांचा तक्ता, दोन्ही नकार, नंबर बदलल्याचा पुरावा, दाव्याआधीचं पत्र. बाकी सगळं मागे.

एक गोष्ट स्पष्टच सांगतो, हा धागा वाचून दुसरे कुणी निघतील म्हणून. अट ठळक होती, एकाच अर्थाची होती आणि बिल दोन महिने उशिरा पाठवलं, तर दावा कमकुवत आहे. मध्येच स्वस्त प्लॅनवर गेलात किंवा बिल थकून लाइन तुटली, तरीही तेच. तिथे सौजन्याने विनंती करून एखादा हप्ता मिळतो, कोर्टाची फी घालू नका. टेम्सकाठी यांचं प्रकरण तसं नाही.

ग्लासगोतून

स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्यांसाठी फरक: इथे सिंपल प्रोसीजर, शेरिफ कोर्टात, ५ हजार पौंडांपर्यंत. मुदत सहा नाही, पाच वर्षं. सल्ल्यासाठी ॲडव्हाइस डायरेक्ट स्कॉटलंड. मिल्टनकरांनी दिलेल्या फी आणि फॉर्म नंबर इथे लागू नाहीत.

टेम्सकाठी

कंपनी नंबर ईमेलच्या तळाशी मिळाला. कंपनीज हाऊसवर ‘ॲक्टिव्ह – प्रपोजल टू स्ट्राइक ऑफ’ (म्हणजे नोंदवहीतून काढण्याचा प्रस्ताव) असं दिसतंय. म्हणजे दावा करण्यात अर्थ नाही का?

मिल्टनकर

अर्थ आहे, फक्त आता क्रम बदलतो आणि आजच एक काम करायचं आहे.

‘फायलिंग हिस्ट्री’ उघडा. हिशेब दाखल न केल्यामुळे कंपनीज हाऊसने स्वतः काढलेली नोटीस असेल तर बऱ्याचदा कंपनी कागद भरते आणि प्रकरण मिटतं. पण डीएस०१ फॉर्म दिसला तर संचालकांनीच कंपनी बंद करायला घेतली आहे. सरकारी गॅझेटमधल्या नोटिशीपासून किमान दोन महिने गेल्यावर कंपनी विसर्जित होते आणि मग दावा करायला समोर कुणी उरत नाही. विसर्जित कंपनी कोर्टातून पुन्हा जिवंत करता येते, पण त्याचा खर्च २४० पौंडांच्या कितीतरी पुढे जातो.

म्हणून आधी कंपनीज हाऊसच्या साइटवर आक्षेप नोंदवा. ऑनलाइन होतो. कंपनी नंबर द्या, ‘कंपनी माझं देणं लागते’ हे कारण निवडा, ऑर्डरचा ईमेल आणि दोन्ही नकार जोडा. आक्षेप मान्य झाला की विसर्जन काही काळ थांबतं, तेवढ्यात दाव्याआधीचं पत्र आणि दावा दोन्ही पुढे सरकवा. थांबलेली मुदत संपत आली आणि दावा चालूच असेल तर दाव्याचा क्रमांक देऊन पुन्हा आक्षेप घ्या.

डीएस०१ असेल तर आणखी एक धागा हाती आहे. कंपनीज ॲक्ट, २००६ प्रमाणे असा अर्ज केल्यापासून सात दिवसांत त्याची प्रत धनकोंना द्यावी लागते, आणि भविष्यात ज्यांचं देणं होऊ शकतं तेही धनकोच धरले जातात. म्हणजे बाकीच्या तीन हप्त्यांमुळेही तुम्ही धनको आहात. शिवाय आधीच्या तीन महिन्यांत व्यवसाय केला असेल तर असा अर्जच करता येत नाही. तुम्हाला प्रत आली नसेल, किंवा साइटवर फोन विकणं चालू असेल, तर आक्षेपात हे दोन्ही लिहा आणि साइटचा तारखेसकट स्क्रीनशॉट जोडा.

पान उघडल्यावर डीएस०१ आहे की नाही आणि गॅझेटची तारीख काय, एवढं इथे टाका. ब्रँड दुसऱ्या कंपनीकडे गेला असेल तर साइटच्या तळाशी आता वेगळा कंपनी नंबर दिसेल, तोही बघून ठेवा. तसं असेल तर कॅशबॅकची देणीही नव्या कंपनीने घेतली आहेत का, हा पहिला प्रश्न तिला लेखी विचारायचा. आणि कलम ७५ चा अर्ज बँकेकडे आजच द्या, कारण कंपनी बुडाली तरी कार्ड कंपनीची जबाबदारी संपत नाही.